दहा सेंटिमीटरचे मिग-२१

मे महिन्याची सुट्टी लागली की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. पोरगं मोबाईल सोडत नाही आणि मोबाईल काढून घेतला तर घर डोक्यावर घेतं. शिरवळसारख्या गावात आईबाप दोघेही कंपनीच्या पाळीला गेले म्हणजे दिवसभर मुलांपुढे ठेवायचे तरी काय? गेल्या सुट्टीत आम्ही आमच्या अभ्यासिकेत एक प्रयोग केला. चार घरांनी वर्गणी काढली, पुण्याहून प्लास्टिकच्या सुट्या भागांचे एक किट आणले आणि आठवी ते दहावीच्या चार मुलांनी मिग-२१ या लढाऊ विमानाची प्रतिकृती तयार केली. ती कशी केली आणि त्यातून काय पदरात पडले, हे इतर पालकांनाही कळावे म्हणून हा लेख.

मिग-२१च का?

हे विमान मूळ रशियाचे, पण आपल्याकडची बहुतेक मिग-२१ भारतातच बांधली गेली. त्यासाठी १९६४ साली नाशिकजवळ ओझर येथे कारखाना उभा राहिला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने अशी सहाशेहून अधिक विमाने बांधली. १९६३ साली हवाई दलात दाखल झालेले मिग-२१ हे १९७१च्या युद्धात लढले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे निवृत्त झाले. बासष्ट वर्षांच्या या सेवेत वैमानिकांची नावे गाजली, ती गाजायलाच हवीत. पण त्या विमानांमागे फिटर, टर्नर, वेल्डर आणि रंगाऱ्यांचेही हात होते, हे मुलांना कोण सांगणार?

प्रमाणाचे गणित

आमचे किट एकास बहात्तर प्रमाणाचे होते. म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट येथे एक इंचात बसतात. मिग-२१च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर. त्याला ७२ने भागले की जवळजवळ १० सेंटिमीटर येतात. साडेपाच फुटांचा माणूस या हिशेबात इंचभरसुद्धा भरत नाही. गुणोत्तर-प्रमाणाच्या धड्याला कंटाळणाऱ्या मुलांनी पट्टी घेऊन सारे विमान मोजून काढले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

हे प्रमाण नुसत्या खेळण्यातले नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून याच प्रमाणाची पाच लाख लाकडी विमाने मागवली होती. आकाशातले विमान आपले की शत्रूचे, हे सैनिकांना आकारावरून ओळखता यावे म्हणून ती हवी होती. शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात घडलेली वस्तू थेट प्रशिक्षणाला उपयोगी पडत होती.

काम कसे चालते

किटमधील भाग प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात. ते हाताने पिळून तोडू नयेत, कडा फाटतात. महागड्या कटरऐवजी आम्ही नेलकटर वापरले. मग बारीक पॉलिश पेपरने कडा साफ करायची. सगळे भाग साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवायचे, कारण साच्याचे तेल राहिले तर रंग धरत नाही.

चिकटवण्याआधी प्रत्येक भाग कोरडाच बसवून पाहावा. या कामाचा गोंद प्लास्टिकला किंचित विरघळवतो आणि दोन भाग वेल्डिंगसारखे एकजीव होतात. तो जास्त झाला की बोटाचा ठसा कायमचा उमटतो. आमच्या एका विमानवीराचा अंगठा डाव्या पंखावर अजून दिसतो. जोड सुकेपर्यंत कपड्यांचे चिमटे लावून ठेवावेत. विमान तीन चाकांवर उभे करायचे असेल तर नाकात वजन घालावे लागते, नाहीतर ते शेपटीवर बसते. आम्ही गॅरेजमधले जुन्या बेअरिंगचे छर्रे घातले.

वैमानिकाची बैठक आधी रंगवावी, कारण काच बसल्यावर ब्रश आत जात नाही. मिग-२१ची बैठक आतून निळसर हिरवी असते. बाहेरून आधी राखाडी अस्तर, मग पातळ रंगाचे दोन-तीन हात. एकच जाड हात दिला तर बारीक रेघा बुजतात. आपल्या खंडाळा तालुक्यात रंगाचा मोठा कारखाना आहे, तेथे काम करणाऱ्या पालकांना हे वेगळे सांगायला नको. शेवटी तिरंगी वर्तुळे. त्यांचे कागद क्षणभर पाण्यात भिजवून अलगद सरकवून बसवायचे. बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा.

एक सूचना मात्र कटाक्षाने पाळावी. गोंद आणि थिनर पेट घेतात, त्यांचा वास डोक्यात जातो. एका खोलीच्या घरात, गॅसजवळ हे काम मुळीच करू नये. ओट्यावर किंवा उघड्या खिडकीशी बसावे. ब्लेड मोठ्यांच्या देखरेखीखाली असावे आणि रांगत्या बाळापासून बारीक भाग दूर ठेवावेत.

शस्त्राचे खेळणे कशाला?

बुद्धाच्या घरात लढाऊ विमान कशाला, असे वस्तीतील एका आजींनी विचारले. प्रश्न रास्त आहे. म्हणून आम्ही मुलांना विमानाची शौर्यकथाच तेवढी सांगितली नाही, दुसरी बाजूही सांगितली. संसदेत २०१२ साली दिलेल्या माहितीप्रमाणे ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली. १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक प्राणास मुकले. मानवी चुका आणि तांत्रिक बिघाड ही कारणे सांगण्यात आली. आकडे ऐकून मुले गप्प झाली. मग एकाने आपण बसवलेले तिरके चाक काढले आणि न सांगता पुन्हा सरळ बसवले. आजींना आम्ही एवढेच उत्तर दिले.

आमचा मुद्दा असा. आपली बरीच मुले कंपनीच्या दारात हेल्पर म्हणून उभी राहतात आणि कंत्राटावर हेल्परच राहतात. हेल्पर आणि फिटर यांच्या पगारातला फरक बळाचा नाही. ड्रॉइंग वाचता येणे, माप धरता येणे आणि एकावर एक क्रमाने काम करता येणे, यांचा तो फरक आहे. किटबरोबर येणारा आकृत्यांचा कागद म्हणजे मुलाच्या हाती पडलेले पहिले ड्रॉइंगच. त्यात भाषा नसते, नुसते आकडे आणि बाण असतात. ते वाचून वस्तू उभी करणारा मुलगा आयटीआयच्या वर्गात बुजणार नाही. मुलगीही नाही. आमच्या चौघांतली सर्वांत नेटकी रंगकाम करणारी मुलगीच होती.

किट महाग वाटले तर चार घरांनी मिळून घ्यावे. तेही जमत नसेल तर जुन्या वहीचा पुठ्ठा, पट्टी आणि खळ पुरे. ७२ने भागायचे आणि कापायला बसायचे. पहिले विमान वाकडे होईल. ते फेकू नका, त्याच्या शेजारी दुसरे ठेवा.