उद्याच्या खात्यावरचा आजचा खर्च

अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, संघाचा कस मैदानाइतकाच जमाखर्चाच्या वहीतही लागतो. कारण मालक कितीही धनाढ्य असला, तरी खेळाडूंच्या वेतनापायी वर्षाकाठी किती रक्कम खर्ची पडावी याची कमाल मर्यादा बत्तीसही संघांना सारखीच बांधून दिलेली आहे. 1994 साली ही पद्धत अमलात आली तेव्हा मर्यादा 3 कोटी 46 लाख डॉलरांची होती. 2025 साली ती 27 कोटी 92 लाखांवर गेली. लीगच्या उत्पन्नातील खेळाडूंचा वाटा हाच तिचा पाया असल्यामुळे, महामारीत प्रेक्षागृहे ओस पडताच ती 19 कोटी 82 लाखांवरून 2021 साली 18 कोटी 25 लाखांपर्यंत उतरली, आणि वाढत्या मर्यादेच्या भरवशावर पुढील तरतुदी करून बसलेल्या कारभाऱ्यांची पाचावर धारण बसली.

मर्यादा कठोर आहे हे खरे. परंतु रोख रक्कम कधी दिली आणि ती कोणत्या सालच्या खाती मांडली, या तिथे दोन भिन्न बाबी आहेत, आणि महाव्यवस्थापकाची सारी विद्या त्या दोहोंमधील अंतरात सामावलेली आहे. करारावर सही होताच मिळणारा बोनस खेळाडूच्या पदरात लवकरच पडतो. हिशेबात मात्र तो कराराच्या मुदतीवर, जास्तीत जास्त पाच वर्षांवर, समान हप्त्यांनी विभागला जातो, म्हणजे 2 कोटींचा बोनस दरसाल 40 लाखांचाच भार दाखवतो. चालू वर्षाच्या वेतनाचा मोठा भाग असाच बोनसमध्ये रूपांतरित केला, तर खेळाडूचे काहीच कमी होत नाही आणि संघाला त्या वर्षापुरती मोकळीक मिळते. न्यू ऑर्लीन्सच्या सेंट्स संघाने मिकी लूमिस यांच्या कारभारात हा मार्ग वर्षानुवर्षे चोखाळला. कित्येक संघ तर करारनाम्याला अशी कागदी वर्षेही जोडतात, ज्यांत तो खेळाडू त्या करारावर खेळणार नाही हे उभय पक्षांना सही करतानाच ठाऊक असते.

हे ऋण फेडावे लागते ते खेळाडू निघून गेल्यावर. वरील उदाहरणातला खेळाडू दोन हंगामांनंतर मुक्त केला, तर उरलेले 1 कोटी 20 लाख एकदम त्याच वर्षाच्या खाती पडतात. 1 जूननंतरची मुक्तता असेल तर 40 लाख त्या वर्षी आणि 80 लाख पुढल्या वर्षी. या रकमेला तिथे ‘डेड मनी’ म्हणतात. डेन्व्हर ब्रॉन्कोजने 2022 साली रसेल विल्सन या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला, सिअ‍ॅटलहून आणले, नव्या संघासाठी सामन्यात त्याने एक चेंडूही फेकण्यापूर्वी पाच वर्षांची मुदतवाढ दिली, आणि 2024 च्या मार्चमध्ये त्याला निरोप दिला. त्यापायी सुमारे साडेआठ कोटी डॉलरांचा भार 2024 आणि 2025 या दोन सालांवर वाटून घ्यावा लागला. आकडेमोड चुकली म्हणून हे घडले नाही. चुकला तो एका मनुष्याच्या उरलेल्या सामर्थ्याचा अदमास, आणि माझ्या मते या साऱ्या कारभारात कठीण असे तेवढेच आहे, कारण हप्ते कोणीही मांडू शकतो.

त्या भाराखाली डेन्व्हर मोडले नाही, याचे श्रेय लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील 2011 च्या सामूहिक कराराने नवोदितांसाठी ठरवून दिलेल्या वेतनश्रेणीला बरेचसे द्यावे लागेल. बो निक्स हा नवखा क्वार्टरबॅक त्याच श्रेणीतील अल्प वेतनावर खेळला आणि 2024 च्या हंगामात संघ बाद फेरीत पोहोचला. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाची गोष्ट नेमकी उलट दिशेने गेली. नवोदितांच्या 2022 च्या निवडीत सर्वांत शेवटी घेतलेला ब्रॉक पर्डी वर्षाला 10 लाखांहूनही कमी वेतनावर त्यांना सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, घेऊन गेला, तोवर इतर मातब्बरांना पोसण्यास जागा होती. त्याचा मोठा करार तोंडावर येताच मात्र 2025 च्या मार्चमध्ये अनेक जुने खेळाडू सोडावे लागले, आणि मे महिन्यात पर्डीने पाच वर्षांच्या, 26 कोटी 50 लाखांपर्यंतच्या करारावर सही केली. गेलेल्यांपैकी ड्रे ग्रीनलॉ आणि टालानोआ हुफांगा यांना डेन्व्हरनेच घेतले, आणि तेही विल्सनचा दुसरा हप्ता खाती असताना.