हायब्रिड एसयूव्ही घ्यायची? आधी रोजचे किलोमीटर मोजा



'धंद्याच्या पैशातून गाडी कधी घ्यावी' हा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सगळीकडून येतोय. बॅचमध्ये येतोय, दुकानात येतोय, परवा थेऊर फाट्यावर चहा घेताना सुद्धा एकाने विचारलं, "मॅडम, हायब्रिड घेऊ का? सत्तावीसचा मायलेज देते म्हणतात."

म्हणून आज फक्त हायब्रिड एसयूव्ही. मी काही गाड्यांची तज्ज्ञ नाही. लोणी काळभोरमध्ये माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. पण आपल्या सोलापूर रोडच्या पट्ट्यात ज्यांनी गेल्या दोन-तीन वर्षांत अशी गाडी घेतली, त्यातल्या चौघांशी मी नीट बसून बोलले. दोघांनी तर पेट्रोलच्या पावत्याच पुढे ठेवल्या. त्यांचा अनुभव आणि त्यावर माझा हिशोब, असं दोन्ही सांगते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ, कारण इथेच बरेच जण फसतात. 'हायब्रिड' या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गाड्या विकल्या जातात. माइल्ड हायब्रिड म्हणजे जवळजवळ साधी पेट्रोल गाडीच, तिला इंजिन बंद-चालू करायला आणि थोडा हात द्यायला छोटी मदत असते. ती नुसत्या मोटरवर पळत नाही. स्ट्राँग हायब्रिड मात्र इंजिन बंद ठेवूनही काही अंतर चालते. २०२२ मध्ये टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा आली, तेव्हा दोन्ही नावांत दोन्ही प्रकार मिळत होते. त्यामुळे शेजाऱ्याची 'हायब्रिड' आणि तुम्हाला कोटेशन मिळालेली 'हायब्रिड' एकच असेल असं धरून चालू नका. सत्तावीसचा जो आकडा फिरतो तो स्ट्राँगचा. कंपनीने सांगितलेला आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर, तोही चाचणीतला.

या गाडीत दीड लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, इलेक्ट्रिक मोटर आणि एक छोटी बॅटरी असते. छोटी म्हणजे किती? ०.७६ किलोवॅट-अवर. आपल्या वीजबिलाच्या भाषेत एक युनिटसुद्धा नाही! घरी चार्जिंगला लावायची भानगड नाही. ब्रेक दाबला, उतार लागला की ती भरते, आणि लागेल तेव्हा इंजिनही तिला भरतं. मग हळू चालताना, सिग्नलवरून उठताना गाडी मोटरवर सरकते. म्हणजे जिथे साधी गाडी सगळ्यात जास्त पेट्रोल पिते, त्या ट्रॅफिकमध्येच ही गाडी वाचवते. सलग ऐंशी-नव्वदच्या वेगात ब्रेक कमी लागतात, इंजिन बराच वेळ चालूच राहतं आणि फायदा कमी होतो. आपल्याकडे उलटं ऐकायची सवय आहे, 'हायवेला मायलेज जास्त.' हायब्रिडला तो नियम लावू नका.

आता माणसांकडे येऊ.

उरुळी कांचनकडे एका दादांची नर्सरी आहे. झाडं टेम्पोने जातात, पण ते स्वतः रोज साईट बघायला मगरपट्टा, खराडी, कधी बाणेर असं फिरतात. शेवाळवाडी, पंधरा नंबर, गाडीतळ हा रस्ता सकाळी कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. त्यांच्या पावत्यांवरून मी काढलेला सरासरी मायलेज तेवीसच्या आसपास येतो. जुन्या गाडीला याच रस्त्यावर अकरा-बारा पडत होता. पण त्यांना विचारलं तर ते पेट्रोलचं आधी बोलतच नाहीत. म्हणतात, "क्लच गेला ना पायाखालून, संध्याकाळी घरी गेल्यावर पोरांशी बोलायची ताकद राहते." स्ट्राँग हायब्रिड ऑटोमॅटिकच येते. रोज दोन-अडीच तास गर्दीत घालवणाऱ्याला याची किंमत कळते, आणि ती कुठल्याच एक्सेलमध्ये बसत नाही.

दुसरे, शेती औषधांची एजन्सी असलेले. त्यांचा रूट इंदापूर, टेंभुर्णी, महिन्यातून दोनदा सोलापूर. गाडी तशीच, वर्षही जवळपास तेच, पण ते नाराज आहेत. एसी चालू, चार माणसं, वेग शंभरच्या आसपास, मायलेज एकोणीस-वीस. "मला फसवलं" असं त्यांचं म्हणणं. मला नाही वाटत तसं. गाडी जशी आहे तशीच वागतेय, त्यांचा रस्ता तिच्या कामाचा नाही एवढंच. दिवे घाट चढताना इंजिनचा आवाज फार येतो अशीही त्यांची तक्रार आहे, आणि ती खरी आहे. सलग चढावर छोटी बॅटरी लवकर उतरते, मग सगळा भार त्या तीन सिलिंडरवर येतो.

मांजरीच्या एक ताई केटरिंग करतात. त्यांनी डेमो ड्राइव्ह घेतली, घरच्यांना रंगही आवडला. मग त्यांनी एक काम केलं, जे मी सगळ्यांना करायला सांगते. रोजचं मोठं पातेलं आणि दोन क्रेट सोबत नेऊन डिकीत ठेवून पाहिले. बसले नाहीत. या गाड्यांत बॅटरी डिकीच्या तळाखाली असते, त्यामुळे त्याच मॉडेलच्या साध्या पेट्रोल गाडीपेक्षा डिकी लहान होते. ताईंनी सरळ सीएनजी व्हॅन घेतली. दिसायला डबा आहे, पण ऑर्डर वेळेवर पोचते.

चौथे आमच्या लोणीतलेच एक काका. गाडी हौसेने घेतली, चालवतात कमी. तीन आठवडे गावाला जाऊन आले तर गाडी चालूच होईना. मोठी बॅटरी भरलेली, पण साधी बारा व्होल्टची बॅटरी उतरलेली. ती नसेल तर गाडीचा कॉम्प्युटरच जागा होत नाही. धक्का मारून चालू करायची सोयही नाही. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी 'रेडी' मोडवर ठेवायची, एवढी साधी गोष्ट त्यांना डिलिव्हरीच्या वेळी कोणी सांगितली नव्हती. मागच्या सीटजवळ बॅटरी गार ठेवणारी हवेची जाळी काही हायब्रिडमध्ये असते, तिच्यावर गोण्या-बॅगा रचू नका. नारिंगी रंगाच्या वायरी दिसल्या तर बाहेरच्या इलेक्ट्रिशियनला हात लावू देऊ नका, तो हाय व्होल्टेजचा भाग आहे.

चला, आता आकडे. बीबीएला 'पे-बॅक पिरियड' पाठ केला होता, तो इथे कामाला येतो.

पेट्रोल १०४ रुपये धरू. (आपल्या लोणीत तेल कंपन्यांचे एवढे डेपो, टँकरच्या रांगा रोज बघतो, पण पंपावर आपल्याला त्याचा काही फायदा नाही!) साधी पेट्रोल किंवा माइल्ड आणि स्ट्राँग यांच्या ऑन-रोड किमतीत दोन लाखांचा फरक धरू. तुमच्या कोटेशनमध्ये जो असेल तो घाला.

गर्दीच्या रस्त्यावर साधी गाडी १४ देते आणि स्ट्राँग २२, असं समजा. साधीला किलोमीटरला ७.४३ रुपये लागतात, स्ट्राँगला ४.७३. किलोमीटरमागे वाचले २.७० रुपये. दोन लाख वसूल व्हायला सुमारे ७४,००० किलोमीटर. महिन्याला १,५०० किलोमीटर फिरत असाल तर चार वर्षं आणि थोडं. महिन्याला ६०० च फिरत असाल तर दहा वर्षांहून जास्त.

आता एजन्सीवाल्यांचा रस्ता घ्या. साधी १८, स्ट्राँग २१. किलोमीटरमागे जेमतेम ८३ पैसे वाचतात. दोन लाख वसूल व्हायला साधारण २ लाख ४० हजार किलोमीटर लागतील. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते. म्हणजे वसुली होण्याच्या कितीतरी आधी वॉरंटी संपलेली असेल.

बरं, हा दोन लाखांचा फरक तुम्ही रोख देणार नाही, कर्जात घालणार. दोन लाख, ९ टक्के, पाच वर्षं, हप्ता साधारण ४,१५० रुपये. आणि १,५०० किलोमीटरवाल्याची महिन्याची पेट्रोल बचत ४,०५०. बघा, जवळजवळ सारखेच! म्हणजे पहिली पाच वर्षं पेट्रोलमध्ये जे वाचेल ते बँकेत जाणार. खरा फायदा सहाव्या वर्षापासून, तोही गाडी तोपर्यंत ठेवली तर. तीन-चार वर्षांत गाडी बदलायची सवय असलेल्यांनी ही ओळ परत वाचावी.

सीएनजीचंही बघून घ्या. किलोला ९० रुपये आणि बावीसचा मायलेज धरला तर किलोमीटरला ४.०९ रुपये, हायब्रिडपेक्षाही कमी. डिकी मात्र सिलिंडर खातो आणि पंपावर रांग असते. तुमचा वेळ किती महाग आहे त्यावर ठरवा.

टॅक्सबद्दल फार गैरसमज आहेत. 'दुकानाच्या जीएसटी नंबरवर घेऊ, क्रेडिट मिळेल' असं कोणीतरी सांगतं. ड्रायव्हर धरून १३ पर्यंत सीट असलेल्या प्रवासी गाडीवर साध्या दुकानदाराला इनपुट क्रेडिट मिळत नाही. गाड्या विकणारे, प्रवासी वाहतूक करणारे आणि ड्रायव्हिंग शिकवणारे यांना मिळतं. पेट्रोल तर जीएसटीतच नाही. या आकाराच्या हायब्रिडवर आधी सेस धरून ४३ टक्के कर होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. इलेक्ट्रिकवर ५. सरकारच्या नजरेत हायब्रिड ही पेट्रोल गाडीच. दहा लाखांच्या वरच्या गाडीवर शोरूम १ टक्का टीसीएस घेतं, तो मात्र रिटर्नमध्ये आपल्या नावावर जमा दिसतो, विसरू नका. धंद्यासाठी वापराल तेवढ्या हिश्श्याचा घसारा मिळतो, कारला वर्षाला १५ टक्के. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्मा. मार्चअखेर घाईने गाडी घेणाऱ्यांनी हे सीएला विचारूनच घ्यावी. आणि 'हायब्रिडला रोड टॅक्स माफ' हा जो मेसेज फिरतो तो २०२४ च्या उत्तर प्रदेशच्या सवलतीचा. तुम्ही एमएच-१२ च्या कोटेशनमधला आकडाच धरा.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसले, त्याच्याबद्दल. आमच्या बॅचमधला कदमवाकवस्तीचा मुलगा मसाल्याचं पॅकिंग युनिट काढतोय. घरचे साठवलेले सहा लाख आहेत. त्यातले चार लाख हायब्रिडच्या डाउन पेमेंटला आणि दोन लाखांत युनिट, असं घरात जवळजवळ ठरलंय. वडील म्हणतात, "मशीन शेडमध्ये कोण बघतंय? दारात गाडी दिसते." मुलाचं लग्नाचं बघतायत, त्यामुळे या बोलण्यावर मी हसत नाही. आपल्याकडे मुलीकडचे खरंच दार बघतात.

पण मी त्या दोघांना दुकानात बसवून कॅल्क्युलेटर दिला. दोन लाखांचा माल दोन महिन्यांत एकदा फिरला आणि ढोबळ नफा दहा टक्के सुटला, तर वर्षाला सहा फेऱ्या, १ लाख २० हजार. तेच दोन लाख स्ट्राँग हायब्रिडच्या जादा किमतीत घातले तर वर्षाची पेट्रोल बचत ४८,६००, तीही महिन्याला १,५०० किलोमीटर फिरलास तर. तू फिरणार किती? लोणी ते रविवार पेठ, आठवड्यातून दोनदा. महिन्याला चारशेही होत नाहीत. माल विकला गेला तरच हा नफा, हेही मी सांगितलं. न फिरणारा माल गाडीपेक्षा वाईट, गाडीत निदान बसता येतं.

माझं मत त्याला स्पष्ट सांगितलं: आधी मशीन आणि सहा महिन्यांचं खेळतं भांडवल, डिलिव्हरीला भाड्याचा छोटा टेम्पो, गाडी नंतर. वडिलांना ते पटलेलं नाही. मुलाला पटलंय, पण तो वडिलांपुढे बोलत नाही. शेवटी एवढ्यावर आलो की बुकिंग एक महिना थांबवायचं आणि घरातल्या सध्याच्या गाडीचे रोजचे किलोमीटर वहीत लिहायचे, कुठे गेलो त्यासकट. वही वडिलांनी लिहायची, ही अट माझी.

तुम्हीही डेमोला जाण्याआधी महिनाभर हेच करा. मग डेमो ड्राइव्ह रविवारी मोकळ्या रस्त्यावर न घेता सोमवारी सकाळी साडेनऊला हडपसरच्या दिशेने मागा. एसी चालू ठेवा, मागे दोन माणसं बसवा, तुमचा रोजचा माल डिकीत ठेवून बघा आणि परत येताना स्क्रीनवरच्या मायलेजचा फोटो काढा. वर वापरलेली हिशोबाची शीट व्हिडिओखाली ठेवली आहे. पिवळ्या रकान्यांत फक्त तुमचे आकडे भरायचे, बाकी ती आपोआप काढते.