दात काढला, हाडाचं काय?

‘इम्प्लांट बसवता येईल, पण तिथे हाड उरलेलं नाही.’ दातांच्या डॉक्टरांकडे हे ऐकलं की माणूस गोंधळतो. दाढ काढली होती, हाड थोडंच काढलं होतं? आणि काढली तीही चार-पाच वर्षांपूर्वी; तेव्हा हाडाचा विषयही कुणी काढला नव्हता. मग बोन ग्राफ्ट म्हणजे हाडाची भर, पडदा, टाके, सहा महिन्यांची वाट आणि फुगलेलं अंदाजपत्रक समोर येतं, तेव्हा आधी शंका येते ती डॉक्टरांच्या हेतूची. ती कधी कधी रास्तही असते. पण हाड जातं हे खरं आहे.

जबड्याच्या ज्या कडेत दात रोवलेले असतात, ती कड दातांसाठीच तयार झालेली असते. दात उगवतो तसं त्याच्याभोवती हाड घडत जातं. ज्यांचे काही दात जन्मतःच येत नाहीत, त्यांच्या जबड्यात त्या जागची कड पुरती भरतच नाही. दाताचं मूळ बारीक तंतूंनी हाडाला बांधलेलं असतं आणि घास चावला की तो ताण तंतूंमार्फत हाडापर्यंत पोचतो. हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे घडतं आणि भार नसेल तर झिजतं, हा सिद्धांत जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला. दात गेला, भार गेला, की शरीर तिथलं हाड काढून घेऊ लागतं.

तेही सावकाश नाही. दात काढल्यापासून वर्षभरात त्या जागच्या कडेची रुंदी साधारण निम्म्याने घटते आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. झीज मुख्यतः बाहेरच्या, म्हणजे ओठ आणि गालाच्या बाजूने होते. वरच्या समोरच्या दातांपुढची हाडाची भिंत बहुतेकांमध्ये मिलिमीटरभरही जाड नसते, त्यामुळे दातामागोमाग तीही जाते. कवळीने हे थांबत नाही. कवळी हिरडीवर बसते, हाडाला वरून दाबते. मुळासारखा आतून ताण देत नाही. अँत्ये टॅलग्रेन यांनी कवळी वापरणाऱ्यांचा २५ वर्षं पाठपुरावा करून १९७२ मध्ये दाखवलं, की खालच्या जबड्याची उंची वरच्यापेक्षा सुमारे चौपट घटते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची खालचीच कवळी आधी सैल होऊन हलायला लागते, ती यामुळे.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, साधारण ४ मिलिमीटर जाडीचा. त्याच्या दोन्ही बाजूंना किमान दीड-दीड मिलिमीटर हाड हवं, म्हणजे ७ मिलिमीटरची कड हवी. खालच्या जबड्यात हाडाच्या आतून ओठ-हनुवटीची संवेदना वाहणारी नस जाते. तिच्यापासून २ मिलिमीटर लांब राहावं लागतं, नाहीतर ओठ बधिर होण्याचा धोका. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते आणि दाढा गेल्या की ती खाली उतरते. तिथे दहा-बारा मिलिमीटर हाड असायचं, ते कधी कधी तीन-चारवर येतं. साध्या एक्स-रेत उंची दिसते, पण जाडी कळत नाही. त्यासाठी सीबीसीटी स्कॅन लागतो. तो न काढताच कुणी ‘हाड कमी आहे’ म्हणत असेल, तर आधी स्कॅन मागावा.

टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं, हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशांवरच्या प्रयोगांत उमगलं. सशाच्या पायाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं निरीक्षण-यंत्र प्रयोग संपल्यावर निघेना. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या गृहस्थांच्या खालच्या जबड्यात चार स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये गेले, तोवर ते टिकले होते. पण ही विद्या हाड असलेल्यांसाठी होती. हाडच नसेल तर काय, याचं एक मोठं उत्तर स्वीडनच्याच गॉथेनबर्ग शहरातून आलं.

ते उत्तर म्हणजे पडदा. जखमेत हिरडीचं मांस झपाट्याने वाढतं, हाड मंद. मोकळी सोडली तर पोकळी मांसाने भरते आणि हाडाला जागाच उरत नाही. तण पिकाच्या आधी रान व्यापतं, तसं. १९८८ मध्ये ख्रिस्टर डालिन, स्टुरे न्यूमन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या जबड्यात दोन्ही बाजूंना आरपार भोकं पाडली. एका बाजूला टेफ्लॉनचा सच्छिद्र पडदा लावला, दुसरी बाजू तशीच सोडली. काही आठवड्यांत पडद्याची बाजू हाडाने भरून आली. दुसऱ्या बाजूला बव्हंशी मांसच होतं. त्यात औषध नव्हतं की रसायन नव्हतं, नुसता आडोसा होता. आज बहुधा कोलॅजेनचा पडदा वापरतात. तो काही महिन्यांत आपोआप विरतो, त्यामुळे काढायला पुन्हा चीर द्यावी लागत नाही.

वरच्या दाढांसाठी आहे सायनस लिफ्ट. अमेरिकेतल्या हिल्ट टेटम यांनी ती १९७०च्या दशकात सुरू केली आणि १९८० मध्ये फिलिप बॉयन व रॉबर्ट जेम्स यांनी तिच्यावर निबंध छापला. हिरडी बाजूला करून गालाच्या बाजूच्या हाडात छोटी खिडकी पाडतात. आत सायनसचं अस्तर असतं, ओलसर, निळसर आणि रुग्णाच्या श्वासाबरोबर किंचित वरखाली होणारं. त्याला भोक न पाडता बोथट, वाकड्या हत्याराने ते हाडापासून सुटं करत वर उचलायचं आणि खाली झालेल्या जागेत रुग्णाच्याच रक्तात भिजवलेले हाडाचे कण भरायचे. कण वाळूसारखे कोरडे असतात, रक्त लागलं की ओल्या भुशासारखे चिकटून येतात. अस्तर फाटलं तर छोटं भोक पडद्याने झाकता येतं. मोठं असेल तर थांबून काही महिन्यांनी पुन्हा यावं लागतं. अशा वेळी थांबणारा डॉक्टर हुशार समजावा. नंतर काही दिवस नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची.

हे कण येतात कुठून? उत्तम हाड स्वतःचंच, कारण त्यात जिवंत पेशी असतात. ते हनुवटीतून किंवा अक्कलदाढेमागच्या भागातून काढतात. फार लागलं तर कमरेच्या हाडातून. पण तिथे दुसरी जखम होते. म्हणून बाजारात तयार कण मिळतात. सर्वाधिक वापरले जातात ते गाईगुरांच्या हाडांपासून बनवलेले, ज्यांतून सगळा सेंद्रिय भाग काढून टाकलेला असतो. पडद्यातलं कोलॅजेनही बऱ्याचदा डुकराचं किंवा गुरांचं असतं. हे अनेक रुग्णांना सांगितलंच जात नाही, आणि मला ते पटत नाही. ज्याला चालत नाही त्याच्यासाठी पर्याय आहेत: कॅल्शियम फॉस्फेटची कृत्रिम द्रव्यं, बायोअ‍ॅक्टिव्ह काच, किंवा दान केलेलं, निर्जंतुक केलेलं मानवी हाड. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक १९८८ पासून गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या ऊती पुरवते. तेव्हा ‘हे कशापासून बनलंय?’ असं विचारायला संकोचू नये. सहीच्या कागदावरही ते मागावं.

यातला कुठलाही तयार कण स्वतः जिवंत हाड होत नाही. तो आधार देतो. रक्तवाहिन्या आणि पेशी शरीरालाच आणाव्या लागतात. म्हणून कड रुंद करायला चार ते सहा महिने लागतात, सायनसमध्ये सहा ते नऊ. ‘लग्न आहे हो डिसेंबरात’ म्हणून हे आटोपत नाही. हे बिघडवणाऱ्या गोष्टीही नेहमीच्याच आहेत: सिगारेट, तंबाखू, मिश्री, काबूत नसलेला मधुमेह. मिश्रीला आपल्याकडे व्यसनात मोजतच नाहीत. दात घासते एवढंच, असं बाई म्हणते, आणि भाजलेली तंबाखू रोज दोनदा हिरडीवर चोळली जात असते. कणांवरची हिरडी उसवून ते उघडे पडले की सगळी मेहनत वाया. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी किंवा कर्करोगासाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन चालू असेल, तर ते दातांच्या डॉक्टरांना आधी सांगावं. या औषधांमुळे जबड्याचं हाड मृत होऊ शकतं, हे २००३ मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट मार्क्स यांनी निदर्शनाला आणलं.

माझं म्हणणं मात्र अलीकडच्या टोकाबद्दल आहे. हाडाचा प्रश्न इम्प्लांटच्या दिवशी नव्हे, दाढ काढायच्या दिवशी विचारायला हवा. मूळ ओढून न काढता तुकडे करून काढलं, तर बाहेरची पातळ भिंत वाचते. खड्ड्यात त्याच बैठकीत कण भरून वर पडदा शिवला, तर झीज पूर्ण थांबत नाही, पण पुष्कळ कमी होते. त्याचा खर्च पुढच्या सायनस लिफ्टच्या मानाने किरकोळ असतो. पण दाढ ठणकत असताना माणसाला फक्त सुटका हवी असते आणि बाहेर गर्दी असलेल्या डॉक्टरलाही. जिथे पुढे इम्प्लांट करायचंच नाही, तिथे हे भरण्याची गरज नाही, हेही खरं.

आणि हाड गेलंच असेल, तरी दर वेळी ते परत उभारायलाच हवं असं नाही. ६ मिलिमीटरचे आखूड इम्प्लांट निघाले आहेत. तिरपे बसवून सायनसला वळसा घालता येतो. खालचे सगळे दात गेलेल्यांना तर हनुवटीच्या भागात फक्त दोन इम्प्लांट पुरतात. तिथलं हाड सहसा सर्वांत शेवटी झिजतं आणि नसही तिथे पोचण्याआधीच हाडाबाहेर पडलेली असते. त्या दोन खुंट्यांवर कवळी चापाच्या बटणासारखी बसते आणि रात्री काढून धुता येते. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यासाठी नुसत्या कवळीपेक्षा हाच पहिला पर्याय असावा, असं मत दिलं होतं. आपल्याकडे रुग्णाला तो बऱ्याचदा ग्राफ्टचं अंदाजपत्रक नाकारल्यावर कळतो.