अंगणातला घाटमाथा

पहिला पट्टा जेमतेम वीतभर रुंद होता. भाच्याने गनचा खटका दाबला, पाण्याचा पंखा अंगणातल्या कोब्यावरून एकदा डावीकडून उजवीकडे फिरला, आणि पाटीवरून ओला बोळा फिरवावा तसा काळ्या-हिरव्या शेवाळातून सिमेंटचा मूळ राखाडी रंग वर आला. ओट्यावर बसलेली आत्या, पंचाहत्तरीची, काही क्षण नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "परत एकदा कर रे."

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरी दिवाळीआधीचं मोठं काम म्हणजे हे अंगण. पाऊस सरतो तेव्हा कोबा, जांभ्याच्या पायऱ्या, विहिरीकडे जाणारी वाट, सगळं बुळबुळीत झालेलं असतं. खराटा, ब्लीचिंग पावडर, काथ्याचा ब्रश आणि दोन दिवसांची कंबरदुखी हा दरवर्षीचा क्रम. यंदा भाच्याने मित्राकडून प्रेशर वॉशर मागून आणला. आमच्याकडे त्याला सरळ 'गाडी धुवायचा पंप' म्हणतात. एका हाताने उचलता येईल एवढाच डबा. त्याला लावलेला पाइप आमचाच, बागेचा, आणि पाणीही आमच्याच टाकीतलं. तेच पाणी त्याच पाइपातून गेली कित्येक वर्षं ह्याच कोब्यावरून वाहून गटारात जात होतं आणि शेवाळाचा एक तंतू हलत नव्हता. ह्या डब्यात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत त्या पाण्याचं असं काय होतं, हा प्रश्न मला मग सोडेना.

लहानपणी आपण सगळ्यांनी पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून पाणी लांब उडवलेलं आहे. जागा कमी झाली म्हणून वेग वाढला, असं शाळेत सांगतात. ते अर्धंच खरं आहे. पाइप मोकळा असतो तेव्हा पाणी भरपूर वाहतं आणि टाकीच्या उंचीने दिलेला दाब पाइपाच्या आतल्या घर्षणातच खर्च होतो. तोंडापाशी येईतो पाण्याच्या गाठीला फारसं काही उरत नाही. अंगठा दाबला की वाहणारं पाणी कमी होतं, घर्षण कमी होतं, आणि टाकीचा जवळजवळ सगळा दाब थेट तोंडापाशी हजर होतो. म्हणजे अंगठा नवीन जोर निर्माण करत नाही. वाटेत सांडणारा जोर तो वाचवतो.

पण वाचवून वाचवून किती वाचणार? गॅलिलिओचा शिष्य टोरिचेल्ली याने १६४४ साली एक सुंदर नियम मांडला. टाकीला खाली भोक पाडलं, तर त्यातून निघणाऱ्या पाण्याचा वेग हा पाण्याच्या पृष्ठभागापासून त्या भोकापर्यंत सरळ खाली पडलेल्या वस्तूच्या वेगाएवढाच असतो. पाणी टाकीत स्वस्थ बसलेलं असलं तरी आपण किती उंचावर आहोत हे ते विसरत नाही. आमची टाकी लोखंडी स्टँडवर पाच मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीचा हिशोब केला की वेग येतो सेकंदाला सुमारे १० मीटर, ताशी ३६ किलोमीटर. अंगठा कितीही दाबा, याच्या पुढे जाता येत नाही.

आता तो डबा. घरगुती प्रेशर वॉशर काम करताना साधारण १०० बार दाब देतो. एक बार म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेचा जो दाब असतो जवळपास तेवढा, आणि पाण्याच्या भाषेत सांगायचं तर दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ. १०० बार म्हणजे एक हजार मीटर. कोकणात उभं राहून पूर्वेला पाहिलं की सह्याद्रीची जी भिंत दिसते, तिच्या माथ्याशी टाकी ठेवायची आणि तिथून एक सरळ नळ आपल्या अंगणात आणून सोडायचा, असा तो मामला. टोरिचेल्लीच्याच नियमाने वेग निघतो सेकंदाला सुमारे १४० मीटर. ताशी ५०० किलोमीटर! सर्व्हिसिंग सेंटरवरच्या मोठ्या यंत्रांमध्ये १६० बारही असतात. त्यांच्यासाठी टाकी थेट कळसूबाईच्या शिखरावर, १,६४६ मीटरवर न्यावी लागेल.

आपल्या अंगणात पाऊस तर याहूनही उंचावरून पडतो. मग त्याने का नाही शेवाळ निघत? कारण मध्ये हवा आहे. ती थेंबाला अडवते, आणि मोठ्यातला मोठा थेंबही जमिनीवर येताना सेकंदाला आठ-नऊ मीटरच्या पुढे जात नाही. हवेने हा आवर घातला नसता, तर कौलंच काय, झाडाला पान राहिलं नसतं.

हा हिशोब करताना मला खोपोली आठवली. १९१५ साली टाटांचं जलविद्युत केंद्र तिथे सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांमधलं पाणी मोठमोठ्या नळांतून सुमारे पाचशे मीटर घाट उतरून खाली येतं, नोझलमधून झोताने सुटतं आणि चाकाच्या कडेला बसवलेल्या वाट्यांवर आदळतं. चाक फिरतं, वीज तयार होते. मुंबईच्या गिरण्या या विजेवर चालल्या. तिथला दाब पन्नास बारच्या आसपास, म्हणजे आमच्या अंगणातल्या झोताच्या निम्मा. तिथे उंचीपासून झोत आणि झोतापासून वीज. इथे तीच साखळी उलटी: भिंतीवरच्या प्लगमधून वीज घ्यायची आणि तिच्यापासून उंची बनवायची. तो डबा उंची तयार करतो, डोंगराशिवाय. हे एकदा लक्षात आल्यापासून त्याच्याकडे 'गाडी धुवायचा पंप' म्हणून बघणं मला जमलेलं नाही.

आत काय असतं? मोटर, आणि मोटरच्या दांड्यावर तिरकी बसवलेली एक तबकडी. तबकडी तिरकी असल्यामुळे फिरताना तिची कड पुढे-मागे होते, आणि त्या हालचालीने तीन छोटे दट्टे पाळीपाळीने ढकलले जातात. दट्टा मागे आला की एक झडप उघडून पाणी आत येतं. पुढे गेला की ती मिटते आणि दुसऱ्या झडपेतून पाणी बाहेर जातं. ज्या यंत्रांत इंडक्शन मोटर थेट पंपाला जोडलेली असते, तिथे तबकडी सेकंदाला सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस फेरे घेते. तीन दट्ट्यांचं मिळून सेकंदाला सुमारे १४० वेळा ढकलणं होतं. मिनिटाला सहा लिटर पाणी धरलं, तर एका ढकलण्यात पाऊण मिलिलिटरसुद्धा येत नाही. तेरा-चौदा थेंब! एवढ्याशा पाण्यावर अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत शंभर किलोचा भार असतो, सिमेंटची दोन पोती.

गंमत म्हणजे दाब पंप बनवत नाही. पंप फक्त ठरावीक पाणी ढकलत राहतो, काही झालं तरी ढकलतोच. दाब बनवते नोझल. तिचं भोक सुमारे एक मिलिमीटरचं असतं. सहा लिटर पाण्याला दर मिनिटाला त्या सुईच्या नेढ्यातून निघायचं तर ताशी ५०० किलोमीटरनेच निघावं लागतं, आणि त्यासाठी लागेल तेवढा दाब मागे साचतो. नोझल काढून टाका, हेच यंत्र साध्या नळासारखं भळाभळा वाहू लागेल. पाणी आणि दाब यांचा गुणाकार केला की शक्ती मिळते. ती इथे बरोबर एक किलोवॉट येते. वाटेतली तूट धरून मोटर चौदाशे-पंधराशे वॉटची का असते, ते यावरून कळतं. अलीकडे बादलीत पाइप सोडून चालणाऱ्या बॅटरीच्या गन आल्यात. त्या वीस-बावीस बारच देतात, कारण बॅटरीला एक किलोवॉट फार वेळ पेलत नाही. खिडक्यांच्या जाळ्या, सायकल, चिखलाचे बूट यांना त्या पुरतात. शेवाळाला नाही.

पण वेग मिळाला म्हणून मळ का निघावा? मला सगळ्यात जास्त थक्क केलं ते या प्रश्नाने. छताचा पंखा आठवा. त्याच्या पात्याचं टोक ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटर वेगाने हवा कापत असतं, दिवसचे दिवस. तरी पात्यावर धुळीचा थर चढतोच. एवढ्या वाऱ्यात ती धूळ उडत का नाही? कारण पात्याला अगदी लागून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते. धुळीच्या कणाला वारा लागतच नाही. पाण्याचंही तेच. नदी कितीही वेगाने वाहो, तळाच्या दगडाला टेकलेला पाण्याचा शेवटचा पापुद्रा जागचा हलत नाही. त्याच्या वरचा थर थोडा सरकतो, त्याच्या वरचा आणखी थोडा. लुडविग प्रांट्ल नावाच्या एकोणतीस वर्षांच्या जर्मन प्राध्यापकाने १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत या संथ थराबद्दल एक छोटासा निबंध वाचला. विमानाचा पंख हवेत कसा वागतो इथपासून कितीतरी गोष्टी त्या निबंधामुळे उलगडल्या.

आमचं शेवाळ वर्षानुवर्षं याच संथ थराच्या आडोशाला सुखाने बसलं होतं. पाइपाचं पाणी त्याच्या डोक्यावरून जात होतं. झोत येतो तो समोरून आदळतो, आणि आदळला की त्याला चहूकडे आडवं पसरावं लागतं. पण वेग तर जवळपास तोच. तेव्हा तो संथ थर इतका पातळ होतो की मातीचा कण, शेवाळाचा पुंजका त्यातून डोकं वर काढून उभा राहतो आणि धारेत सापडतो. शिवाय पाणी फटीत घुसून पापुद्रा खालून उचलतं. म्हणून नोझल सरळ खाली रोखण्यापेक्षा थोडी तिरकी धरून कडेपासून सुरुवात केली की शेवाळ गोधडीसारखं उचकटून येतं. भाच्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. पाचव्या मिनिटाला त्याच्या हाताने ते शोधलं.

हाताला आणखी एक गोष्ट कळते. गन मागे रेटा देते, दीड किलोचं वजन कुणी उलट ढकलत असावं तसा. ताशी ५०० किलोमीटरने पुढे जाणारं पाणी मागे तेवढंच ढकलणार. अग्निबाण ज्याने वर जातो तेच हे, मुठीतल्या मापात.

पाण्याला अशी धार लावायचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत फ्रँक ओफेल्ट याने १९२० च्या दशकात दाबाच्या वाफेने धुणारं यंत्र आणलं. जर्मनीत आल्फ्रेड केर्शर याने १९३५ मध्ये कंपनी काढली आणि १९५० मध्ये गरम पाण्याचा उच्च दाबाचा क्लीनर बनवला, युरोपातला पहिला. ते अवजड यंत्र होतं. १९५९ मध्ये तो वारला आणि पत्नी इरेन हिने कंपनी हाती घेतली. घरात वापरता येईल असं हलकं यंत्र यायला १९८४ साल उजाडलं. याच कंपनीने २००५ मध्ये माउंट रशमोरवर कोरलेले चार अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे अठरा-अठरा मीटरचे चेहरे गरम पाण्याच्या झोताने धुतले. त्या चेहऱ्यांवर लायकेन वाढलं होतं. लायकेन म्हणजे दगडफूल. गोड्या मसाल्यात आपण जे घालतो त्याचीच ही भावंडं. हळूहळू दगड पोखरायची ताकद या नाजूक दिसणाऱ्या जिवांत असते.

आणि ती पाण्यातही आहे, ही गोष्ट मी मुद्दाम थांबून सांगतो. लाल नोझलची सरळ रेघेसारखी धार, पिवळीचा पंधरा अंशांचा पंखा, हिरवीचा पंचवीस, पांढरीचा चाळीस. पंखा जितका रुंद, मारा तितका सौम्य. लाल नोझलने सागाच्या दारावर ओरखडे उठतात, चुन्याची दरज निघून येते. आमच्या पायऱ्या जांभ्याच्या. जांभा सच्छिद्र आणि हळवा. त्याला पांढरीच नोझल, तीही हातभर लांबून. देवळातल्या जुन्या कोरीव दगडाला तर हा झोत दाखवूच नये. आणि माणसाच्या अंगावर, गमतीनेसुद्धा, कधीही नाही. ही धार कातडीतून सहज आत शिरते. बाहेर सुई टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, पण आत पाणी आणि घाण बोटाच्या मुळापर्यंत गेलेली असते. असं झालं तर घरी मलम लावत बसू नये. त्याच तासाला रुग्णालय गाठून 'प्रेशरचं पाणी आत गेलंय' असं स्पष्ट सांगावं. यंत्राचा प्लग अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये हवा आणि पायांत बूट हवेत. आम्ही भाच्याला चपलांवर सुरुवात करू दिली. ती आमची चूक होती.

दुपारपर्यंत तुळशीवृंदावनापासून पडवीपर्यंतचा कोबा निघाला. पाणी जेवढं वाटलं होतं त्याच्या निम्मंही लागलं नाही. मोकळा पाइप मिनिटाला पंधरा-वीस लिटर सहज ओततो. मग पडवीच्या पायरीजवळ पंखा फिरला आणि आत्या एकदम उठून उभी राहिली. "थांब. बंद कर ते."

पुसट रेघा होत्या. आडव्या, उभ्या, तिरक्या. कोबा ओला असताना कुणीतरी खिळ्याने ओढलेल्या. वाघ-बकरीचा पट होता तो, आणि त्याच्या कोपऱ्यात दोन अक्षरं, एक आत्याच्या माहेरच्या नावाचं आणि एक माझ्या वडिलांच्या.

तेवढी दोन फुटांची जागा आम्ही यंत्राने धुतली नाही. आत्याने स्वयंपाकघरातून नारळाची किशी आणि तांब्याभर पाणी मागवलं, आणि पायरीवर बसून ती एकेक रेघ स्वतः घासत राहिली.