मागाचा वेग, माणसाचा ताण

बुऱ्हाणपूरच्या कितीतरी वस्त्यांत यंत्रमागांचा खडखडाट रात्रीही थांबत नाही. धोट्याचे माग चालतात त्या शेडमध्ये आवाज सहसा 90 डेसिबलच्या वर जातो. शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी ओरडावं लागतं. आवाजाची सवय झाली असं कारागीर म्हणतो, पण शरीराला ती पुरती होत नाही. मेंदू मोठ्या आवाजाला धोका समजतो. मग मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतात, नाडी आणि रक्तदाब वाढतो. त्यात रात्रपाळी. दिवसाच्या उजेडात झोप तुटक लागते, चिडचिड घरात शिरते.

तरी माझ्या मते खरं ओझं आवाजाचं नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्ये मांडलं की सर्वांत घातक ताण नुसत्या जास्त कामातून येत नाही. काम जास्त आणि त्यावर स्वतःचा ताबा मात्र नाही, तिथे तो येतो. यंत्रमाग कारागिराची मजुरी कापडाच्या मीटरवर ठरते. वीज गेली, सुताचा भाव चढला, मागणी घटली, यातलं काहीच त्याच्या हातात नसतं, आणि कमाई मात्र त्याचीच घटते. अशा माणसाला ‘मन घट्ट कर’ असं सांगणं अन्यायाचं आहे.

घरातल्या कुणाची झोप दोन आठवडे उडाली असेल, बोलणं कमी झालं असेल, तर 14416 या ‘टेली-मानस’ मानसिक आरोग्य मदत क्रमांकावर फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे, आणि मराठीतही बोलता येतं.