विज्ञानकथेतील तारा : वाचनाची एक कसोटी

विज्ञानकथेचे मूल्यमापन करताना दोन टोकांच्या भूमिका आढळतात. ‘कथा कल्पितच आहे, तेव्हा काहीही चालेल’ ही एक आणि ‘विज्ञान चुकले की कथा फसली’ ही दुसरी. दोन्हींमध्ये संहितेचे बारकाईने वाचन राहून जाते. कथेतील ताऱ्याला खगोलशास्त्राचे निकष लावून पाहणे, हा त्यावरचा एक उपाय आहे.

मराठीत खगोलशास्त्र व कथा यांची सांगड ठळकपणे पुढे आली ती १९७४ मध्ये. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखक म्हणून नारायण विनायक जगताप हे नाव होते. प्रत्यक्षात आद्याक्षरे उलट करून लिहिणारे ते खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर होते.

आता एक उदाहरण पाहू. फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ (१९६५) या कादंबरीतील वाळवंटी ग्रह ‘कॅनोपस’ या ताऱ्याभोवती फिरतो. कॅनोपस म्हणजे आपला अगस्त्य. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास वसई-विरार परिसरातूनही तो दक्षिण क्षितिजाच्या थोडा वर दिसतो. त्याला दोन प्रश्न विचारू.

१. तेज किती? अगस्त्य सूर्याहून सुमारे दहा हजार पट तेजस्वी आहे. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणून पृथ्वीइतकीच ऊब हवी असेल, तर ग्रह सूर्य-पृथ्वी अंतराच्या शंभर पट दूर हवा. तेथील एक वर्ष आपल्या तीनशेहून अधिक वर्षांचे होईल.

२. आयुष्य किती? तारा जितका जड, तितके त्याचे इंधन लवकर संपते. सूर्याचे आयुष्य सुमारे १,००० कोटी वर्षे, तर अगस्त्यासारख्या ताऱ्याचे काही कोटी वर्षेच. पृथ्वीवर प्राणिसृष्टी अवतरण्यास जवळजवळ ४०० कोटी वर्षे लागली. मग कादंबरीतील महाकाय वाळूकृमी आले कोठून?

येथे कादंबरी ‘चुकली’ म्हणून थांबू नये. याच मालिकेतील ‘चिल्ड्रेन ऑफ ड्यून’मध्ये (१९७६) हे जीव मूळचे तेथील नसून बाहेरून आल्याचे सांगितले आहे. विज्ञानाने उभा केलेला प्रश्न अशा रीतीने संहितेच्या अर्थापर्यंत नेतो.

मराठी वाचकाला आणखी एक अर्थ सुचेल : पुराणातील अगस्त्याने समुद्र प्राशन केला होता. हा अर्थ लेखकाला अभिप्रेत होता असे मात्र म्हणता येणार नाही. तो वाचकाच्या परंपरेतून आलेला आहे. समीक्षालेखनात हे भान ठेवावे.

स्वाध्याय : आपण वाचलेल्या एका विज्ञानकथेतील ताऱ्याला वरील दोन प्रश्न विचारा. मिळालेल्या उत्तरांमुळे कथेच्या आकलनात काय फरक पडतो, ते दहा ओळींत लिहा.