दोरी ओढली की मशीन फिरते, पण पेटत नाही. मग काय बघायचं?



31 जुलैला बंदी संपली, नारळी पौर्णिमेला नारळ वाहून झाला, आणि होड्या पाण्यात गेल्यापासून सोसायटीच्या फोनवर रोज एकच गाऱ्हाणं येतंय. "मशीन फिरता, पण चालू जायना!" प्रत्येकाला तेच तेच सांगतोय, म्हणून एकदा लिहूनच टाकतो. मी मेकॅनिक नाही. पण शेडमध्ये मेकॅनिकच्या बाजूला उभा राहून जे पाहिलं, त्यातलं निम्मं तरी आपलं आपल्याला करता येण्यासारखं आहे.

आधी एक गोष्ट. दोन वर्षांपूर्वी माझा मेव्हणा पहाटे जाळं ओढून परतायला निघाला, तर मशीन सुरू होईना. दोघांनी पाळीपाळीने अर्धा तास दोरी ओढली, हाताला फोड आले. मतलई वारा सुटलेला, होडी हळूहळू बाहेर जातेय, हरमलची खडक लहान होत चाललीय, आणि नांगर टाकायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. शेवटी केरीच्या एका होडीने ओढून आणलं. बिघाड काय होता? मशीन बंद करायच्या बटनाची लाल क्लिप. जाळं ओढताना ती पायात अडकून निघाली होती. बस्स, एवढंच.

म्हणून समुद्रात मशीन बंद पडली तर पहिलं काम दोरी ओढायचं नाही, नांगर टाकायचं. नांगर लागला की डोकं शांत राहतं. आणि वारा वाढला, काही सुचेना, तर तटरक्षक दलाचा 1554 नंबर आहे. प्रत्येक फोनमध्ये तो सेव्ह असू द्या.

आता मशीनचं. मशीन फिरते म्हणजे दोरी आणि फ्लायव्हील ठीक आहेत. पेटायला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, ठिणगी आणि सिलिंडरमध्ये दाब. यातली कुठली नाही, तेवढंच शोधायचं. सोप्यापासून सुरू करा. लाल क्लिप जागेवर आहे? गिअर न्यूट्रलमध्ये आहे? टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे? हसू नका, शेडमध्ये आलेल्या किती तरी मशिनी या तीन प्रश्नांवरच परत गेल्या.

मग पाइपातला रबरी फुगा दाबा. बाण मशीनकडे हवा. चार-पाच वेळा दाबून फुगा दगडासारखा कडक झाला तर पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोचलंय, दोष पुढे शोधा. कितीही दाबा, मऊच राहतो, तर कुठे तरी हवा आत शिरतेय. कनेक्टरची रबरी रिंग आणि पाइपाच्या क्लिपा बघा. दाबल्यावर चपटा होऊन तसाच राहिला तर टाकीकडचा रस्ता बंद आहे: हवेचा स्क्रू, नाही तर आतली जाळी.

त्यानंतर प्लग काढा. प्लग सगळं सांगतो. कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. ओला असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही. मेव्हण्याचं तेच झालं होतं. क्लिप नसताना प्रत्येक ओढीला पेट्रोल आत जात राहिलं, ठिणगी नव्हतीच. किनाऱ्यावर क्लिप लावल्यावरही मशीन लगेच सुरू झाली नाही, कारण प्लग भिजून चिंब. अशा वेळी चोक आत ढकला, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि दहाबारा वेळा दोरी ओढा. तरी नाही, तर प्लग काढून पुसून वाळवा. सुरू झाली की थ्रॉटल लगेच खाली आणा.

ठिणगी बघायची तर प्लग टोपीत घालून त्याचा लोखंडी भाग इंजिनाला टेकवायचा, सावलीत धरायचा आणि दोरी ओढायची. दोन सिलिंडरच्या मशीनला दोन्ही प्लग असेच टेकलेले हवेत. टोपी मोकळी ठेवून दोरी ओढली तर सीडीआय जळू शकतो, आणि ते दुखणं महाग. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येते, म्हणून सांडलेलं पुसून थोडं थांबा, ठिणगी भोकापासून लांब धरा, आणि बिडी लांब. निळी, कडक ठिणगी चांगली. अजिबात नाही, तर आधी नवा प्लग लावून बघा. तरीही नाही, तर बंद करायच्या बटनाची वायर सोडून बघा. आपल्या खाऱ्या हवेत हे बटन आतून गंजतं आणि ठिणगी आतल्या आत मारतं. वायर सोडल्यावर ठिणगी आली तर बटन बदला. वायर सोडूनच समुद्रात जायचं नाही. कोणी पाण्यात पडलं तर मशीन थांबवणार कशी?

यंदा मात्र सगळ्यात जास्त त्रास पेट्रोलाचा दिसतोय. पावसाळ्याआधी कॅनमध्ये भरून ठेवलेलं पेट्रोल ऑगस्टमध्ये टाकीत ओतलं जातं. आता पंपावर मिळतं त्यात 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि पाणी हद्दीबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र खाली बसतं. टाकीतला पाइप तळातूनच ओढतो, म्हणजे मशीनला पहिला घोट त्याचाच. त्या थरात टू-स्ट्रोकचं ऑइलही धड मिसळत नाही, त्यामुळे नशिबाने सुरू झालीच तर पिस्टनला धोका. टाकीच्या तळातलं थोडं काचेच्या बाटलीत काढा, पंधरा मिनिटं स्थिर ठेवा. मध्ये रेघ दिसली तर ते पेट्रोल मशीनला नको. ताजं भरा, कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा. ऑइल मशीनच्या पुस्तकाप्रमाणे. बहुतेकांचं 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिली. "थोडं जास्त बरं" म्हणून ओतणाऱ्यांचेच प्लग काळे होतात.

ज्यांची मशीन रॉकेलवर चालते त्यांनी बंद करण्याआधी पेट्रोलवर आणून थोडा वेळ चालवा. वाटीत रॉकेल राहिलं तर सकाळी थंड मशीन ते पेटवू शकत नाही, आणि तुम्ही उगाच प्लगला शिव्या देता.

पेट्रोल आहे, ठिणगी आहे, तरी नाही? दोरी नेहमीपेक्षा हलकी लागतेय का बघा. हलकी असेल तर दाब गेला: रिंग चिकटल्यात किंवा हेडची पॅकिंग फुटलीय. तिथे आपलं काम संपलं, मेकॅनिकला बोलवा.

शापोरा, मालिमला डिझेल ट्रॉलर असलेल्यांचा हिशोब वेगळा. त्यात ठिणगीचा प्लगच नाही. इंजिन फिरताना धुराड्यातून धूरच नाही तर डिझेल पोचत नाही: टाकीचा वॉल्व, पाणी साचलेला फिल्टर, किंवा फिल्टर बदलताना पाइपात राहिलेली हवा. पांढरा धूर येतोय तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. बॅटरी कमजोर असून इंजिन हळू फिरत असेल तरी असंच होतं. आणि स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये थोडं थांबा. म्हापशाला मासळी नेणाऱ्या पिकअपलाही हाच नियम.

एक राहिलंच. मशीन किनाऱ्यावर कोरडी सुरू करून बघायची सवय सोडा. पाणी ओढणारा रबरी पंखा पाण्याशिवाय थोड्याच वेळात खराब होतो. येत्या रविवारी सकाळी शेडसमोर गोड्या पाण्याचा ड्रम भरून ठेवतो. ज्यांना मशीन तपासायची आहे त्यांनी घेऊन या, येताना काचेची बाटली आणि प्लगचा पाना आणा. शेडमधला पाना मागच्या वर्षी कोणी तरी नेला तो अजून परत आलेला नाही.